फवारण्याआधी पान उलटून बघा

पिकावर चावरा किडा दिसला, मारू का? हंगाम कुठलाही असो, हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येत राहतो.

चवळीच्या माव्यावर मुंग्या फिरतात. त्या मावा खातील ना? (कागल)

नाही, राखतात. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या मावा खाणाऱ्या ढालकिड्यालाही हुसकावतात.

ढालकिडा आला की मावा टपाटप खाली पडतो. मेला का? (करवीर)

मेला नाही, भ्यायला. भिंगातून बघा. ढालकिड्याने एकाला धरलं की त्याच्या मागच्या दोन नळ्यांतून थेंब येतो. त्याचा वास लागला की शेजारचे सोंड उपसून पळतात, काही उडी टाकतात. पुन्हा झाडावर चढेपर्यंत रस पिणं बंद.

हरभऱ्यातली घाटेअळी बारीकच राहिली, शेजारी कोष दिसतो. औषध लागू पडलं का? (हातकणंगले)

हे काम बहुधा कॅम्पोलेटिसचं, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या बारीक माशीचं. ती लहान अळीत अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरतं, म्हणून तिचं खाणं आणि वाढ खुंटते. कोष चिरडू नका. खात्रीसाठी कृषी सहायकांना दाखवा.

उसाच्या पानाखाली लोकरी मावा आणि जाळ्यात काळपट अळ्या आहेत. दुकानदार म्हणतो नवी कीड आहे, दोन औषधं एकत्र मारा. (शिरोळ)

मारू नका! ती डिफा नावाच्या पतंगाची अळी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ही अळी लोकरी मावा खाऊनच जगते. 2002 साली हा मावा आपल्या भागात पसरला, तेव्हा डोक्याच्या वर गेलेल्या उसात लोक पंप घेऊन शिरत होते. माव्याच्या अंगावर मेणाची लोकर, औषध आत पोचणार कसं? पुढे तो आटोक्यात राहिला त्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा वाटा मोठा. दोन औषधांच्या फवाऱ्यात हीच राखण मरते, उरलेला मावा मोकाट वाढतो आणि तुम्ही पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर. बाटली विकणाऱ्याला कीड ओळखायला सांगू नका. पान उलटा, अळीभोवती माव्याची रिकामी कातडी पडलीत का बघा. मग अळीसकट पान कागदी पिशवीत घालून कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात दाखवा. आठवडा घालवू नका. आणि तोवर पंप खोलीतच राहू दे.

खोडकिडीसाठी आणलेलं ट्रायकोकार्ड पंधरा दिवस कपाटात राहिलं. आता लावू का? (राधानगरी)

नको. ट्रायकोकार्डावरच्या अंड्यांतून किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक मित्रमाश्या निघतात; त्या कपाटातच निघून मेल्या असतील. नवं आणायच्या आधी लावायचा दिवस कृषी सहायकांकडून ठरवून घ्या.