दिसते छान, मग डोळ्याच्या पडद्याचे मोजमाप कशासाठी?

प्रश्न : माझ्या 27 वर्षांच्या मुलीला फेब्रुवारीत उजव्या डोळ्याने अचानक धूसर दिसू लागले आणि डोळा फिरवला की दुखू लागला. डोळ्याच्या नसेला सूज असल्याचे निदान झाले. एमआरआयमध्ये मेंदूत काही डाग दिसले, ही मल्टिपल स्क्लेरोसिसची (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतील तंतूंच्या वेष्टनावर हल्ला करते त्या आजाराची) सुरुवात आहे असे सांगून औषध सुरू करण्यात आले. आता तिची नजर 6/6 आहे आणि ती रोज लोकलने ऐरोलीला नोकरीला जाते. तरीही मेंदूविकारतज्ज्ञ दर सहा महिन्यांनी डोळ्यांची ओसीटी (प्रकाशाच्या साह्याने पडद्याच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी) करायला सांगतात. फेब्रुवारीत ठाण्यात केलेल्या तपासणीत तंतूंच्या थराची जाडी उजव्या डोळ्यात 118 आणि डाव्यात 97 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) होती. ऑगस्टमध्ये वाशीला दुसऱ्या ठिकाणी केली तेव्हा उजवा 81 आणि डावा 92 आला. तिथे कागद हाती देताना ‘बरीच नस गेली’ एवढेच सांगितले गेले. सहा महिन्यांत 37 मायक्रॉन गेले, म्हणजे आजार इतक्या वेगाने वाढतो आहे का?
— एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, सर्वांत आधी तो 37 चा आकडा मनातून काढून टाका, कारण ही वजाबाकीच मुळात चुकीची आहे. नसेला ताजी सूज असते तेव्हा पडद्यावरचा तंतूंचा थरही फुगतो. फेब्रुवारीतले 118 हे त्या सुजेचे माप होते, निरोगी नसेचे नव्हे. निरोगी प्रौढ माणसात हा थर सरासरी 100 मायक्रॉनच्या आसपास असतो. सूज उतरल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांत, खरे नुकसान दिसू लागते आणि ते मोजण्यासाठी दुसरा डोळा हाच जवळचा आधार असतो. ऑगस्टच्या कागदावर दोन्ही डोळे एकाच मशिनवर मोजलेले आहेत आणि त्यांत 11 मायक्रॉनचा फरक आहे. नसेला एकदा सूज येऊन गेलेल्या डोळ्यात एवढी झीज नेहमी आढळते. तिचा अर्थ फेब्रुवारीतल्या झटक्याची खूण राहिली एवढाच. त्यानंतर आजार वाढत राहिला, असा अर्थ त्यातून निघत नाही.

डाव्या डोळ्याचे 97 वरून 92 झाले, याचाही धसका घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिने थराची सीमा वेगवेगळ्या रीतीने आखतात, त्यामुळे एकाच डोळ्याचे आकडे काही मायक्रॉनने सहज बदलतात. ‘बरीच नस गेली’ हे वाक्य कोणत्याही रुग्णाच्या हाती असे ठेवले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. यापुढे शक्यतो एकाच केंद्रात, एकाच मशिनवर तपासणी करा आणि प्रत्येक वेळचा मूळ अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा. ऑगस्टचा अहवाल ही आता तुमच्या मुलीची पायाभूत नोंद समजावी. पुढची तुलना त्या नोंदीशी होईल.

आता ‘छान दिसते, मग कशाला?’ या प्रश्नाकडे येऊ. अक्षरांचा तक्ता वाचता येणे आणि नस शाबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच तंतू गळून गेल्यावरही उरलेल्या तंतूंच्या बळावर माणूस शेवटची ओळ वाचू शकतो. 1991 मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या ओसीटीच्या तंत्रात अवरक्त प्रकाशाचा सौम्य किरण डोळ्यात सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून पडद्याचे थर काही मायक्रॉनपर्यंत बारकाईने मोजतात. क्ष-किरण नसतात, सुई नसते, हनुवटी टेकवून काही सेकंद हिरव्या किंवा निळ्या खुणेकडे पाहायचे असते. मेंदूत आणि मज्जारज्जूत बहुतेक लांब मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते, पण डोळ्याच्या आत हे तंतू त्या वेष्टनाशिवाय असतात. म्हणून त्यांची जाडी मोजली की वेष्टनाची भेसळ न होता तंतूंचेच माप मिळते, आणि हे तंतू थेट मेंदूकडे जाणारे असल्यामुळे कवटी न उघडता मेंदूच्याच एका तुकड्याची झीज पाहता येते. विशेष म्हणजे ज्या डोळ्याला कधीच सूज आलेली नसते, त्यातही या आजारात हा थर हळूहळू पातळ होताना दिसतो. तंतू ज्यांच्यातून निघतात त्या पेशींचा थर सुजेने फुगत नाही, म्हणून जाणकार डॉक्टर अहवालात तोही पाहतात.

या तपासणीचे वजन आता निदानातही वाढले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅक्डोनाल्ड निकषांच्या 2024 च्या सुधारणेत आजाराच्या खुणा शोधण्यासाठी मेंदूतल्या तीन जागा आणि मज्जारज्जू यांच्या जोडीला डोळ्याची नस ही पाचवी जागा धरली गेली असून, दोन डोळ्यांतला पुरेसा फरक ओसीटीवर दिसला तर तो पुरावा म्हणून वापरता येतो. मात्र त्याचे दुसरे कारण नाही, याची खात्री झालेली असावी लागते. तरीही ही तपासणी एमआरआयची जागा घेत नाही. मेंदूत किंवा मज्जारज्जूत नवा डाग पडला तर तो एमआरआयमध्येच दिसेल, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी तो टाळू नका. पुढे कधी दोन्ही डोळे एकदम गेले किंवा नजर फारच खाली आली, तर ॲक्वापोरिन-4 आणि मॉग प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. या प्रतिपिंडांमुळेही डोळ्याच्या नसेला सूज आणणारे वेगळे आजार होतात, त्यांचे उपचार निराळे असतात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे ॲक्वापोरिन-4 च्या आजारात अपाय करतात.

मे महिन्याच्या दुपारी स्टेशनचा पूल चढून गेल्यावर तिला त्याच डोळ्याने थोडा वेळ अंधुक दिसले आणि गाडीत पंख्याखाली बसल्यावर पुन्हा स्वच्छ दिसले, तर घाबरू नये. शरीर तापले की इजा झालेल्या तंतूंतून संदेश मंद वाहतो. थंडावा मिळाला की नजर पूर्ववत होते. हीच अंधुकता ताप नसताना 24 तासांहून अधिक टिकली, तर मात्र त्वरित डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : माझ्या बहिणीला हा आजार आहे. मला काहीच त्रास नाही, तरी नेत्र शिबिरात ओसीटी करून घेऊ का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : करू नका. थर पातळ दिसला म्हणून कारण कळत नाही. काचबिंदूत तो पातळ होतो, मोठा मायनस नंबर असला तरी पातळ दिसतो, आणि असा आकडा हाती आला की निष्कारण एमआरआयपर्यंत धावपळ होते. त्यापेक्षा लक्षणे ओळखून ठेवा. एका डोळ्याने काही तासांत किंवा दिवसांत धूसर दिसू लागले, डोळा फिरवताना दुखले, किंवा एकेक डोळा झाकून कुंकवाच्या करंड्याकडे पाहिले असता एका डोळ्याला तेच लाल फिके, विटलेले वाटले, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बहिणीचा आजार त्यांना सांगा.