रविवारचा आवाज

चिऊ,

परवा रविवारी मी फोन ठेवला आणि तू विचारलंस, "आई, तुझा खरा आवाज कोणता? हा रविवारचा, की आमच्याशी बोलतेस तो?" मी "दोन्ही" म्हणून भांडी घासायला वळले. ते काही उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं असणार, कारण जाताना तू दार जरा जोरातच लावलंस. वाऱ्यानंही लागलं असेल म्हणा, ॲबर्डीन आहे हे.

म्हणून लिहितेय. हे बाबाकडून वाचून घेऊ नकोस. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्याला 'काऊन' धड म्हणता येत नाही.

वऱ्हाडात, मूर्तिजापूरला, आमच्या घरात 'का' नव्हतंच, 'काऊन' होतं. 'मला' नव्हतं, 'मले' होतं. आबाजींच्या तोंडून 'पाऊस येतोय' मी कधी ऐकलं नाही, पाऊस 'येऊन राहिला' असायचा. आजीच्या तोंडी ळ टिकायचा नाही. डोयात काजय, शायेत जाय, केयं खाय. शाळेत बाई दुरुस्त करायच्या, घरी आलं की ते पुसलं जायचं.

उन्हाळ्यात मामाकडे कारंज्याला जायचं ते शकुंतलेनं. मुंबई-हावडा लाइनीवरून मोठ्या गाड्या धडधडत जायच्या आणि बाजूला आमची ही अरुंद रुळांची गाडी यवतमाळला निघायची, तिच्या सवडीनं. 1994 ला तिचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. धूर गेला म्हणून आई खूश, आणि मी रडले होते. डब्यात समोर बसलेली कुणीही बाई पहिला प्रश्न विचारायची, "कोनाची वं तू?" नाव सांगून भागायचं नाही. आजोबा कोण, मामा कुठले, घर जुन्या वस्तीतलं का स्टेशनकडचं, सगळं झालं की तिच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातात.

मग 2003 साली महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला आले. वसतिगृहाच्या मेसमध्ये तिसऱ्या की चौथ्या दिवशी उसळ घेताना वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, "मावशी, थोडा सांबार टाका न वरून." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मावशी गोंधळल्या, मागच्या मुलींना वाटलं मी इडलीबरोबरचं सांबार मागतेय, आणि मी हातानं दाखवायला लागले, हिरवा, बारीक चिरलेला. रांग हसली. वाईट मुली नव्हत्या त्या, त्यातल्या दोघी आजही माझ्या मैत्रिणी आहेत. पण त्या रात्री मी न्हाणीघरात नळ सोडून 'काळा, डोळा, शाळा' म्हणत उभी होते. दिवाळीपर्यंत मी कुठली ते कुणाला ओळखू येईना. याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

तुला मी दिली ती मराठी ही अशी, अठराव्या वर्षी शिकलेली. तुला कुणी हसू नये एवढंच मनात होतं. इथं कोण हसणार होतं, हा विचारच केला नाही.

आता रविवारचं. दुपारी दोनला आम्ही सगळे वऱ्हाडी फोनवर बोलायला जमतो तेव्हा ह्यूस्टनवाल्याची सकाळ, मस्कतवालीची संध्याकाळ आणि पर्थवाल्याचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पुण्याचा एक जण आहे, त्यालाच सगळ्यात कमी वेळ असतो. पहिल्यांदा मी त्यांच्यात गेले तेव्हा ह्यूस्टनवाल्यानं माझी दोन वाक्यं ऐकून घेतली, शुद्ध, नळाखाली घासलेली, आणि म्हणाला, "थे राहू दे. कोनाची वं तू?" मला हसू आलं आणि मग बोलता येईना.

आम्ही बोलतो ते काही थोर नसतं. भेदरं, म्हणजे टमाटे, चटणीत भाजून घालायचे का कच्चे, यावर अर्धा तास जातो. वऱ्हाडीला कुणी अशुद्ध म्हटलं की ह्यूस्टनवाला लीळाचरित्र काढतो, मराठीतला पहिला गद्यग्रंथ तेराव्या शतकात आपल्याच रिद्धपूरला लिहिला गेला म्हणून. बरोबरच आहे त्याचं. पण मेसच्या रांगेत मला रिद्धपूर आठवलं नव्हतं, आणि आठवून उपयोगही झाला नसता.

आणि खरं सांगू? ह्यूस्टनवाला आणि मी एकाच गावात अठरा वर्षं वाढलो आणि एकदाही बोललो नाही. त्यांच्या गल्लीत आमच्या घरचं कुणी पाणी पीत नसे. काऊन, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि रविवारी तो विषय निघत नाही. शिवाय आम्ही बोलतो ती भाषा जरा जास्तच घट्ट आहे. इतकं वऱ्हाडी मी मूर्तिजापुरातही बोलत नव्हते. त्यामुळे तो आवाज खरा, असं छातीठोक म्हणायची माझी हिंमत नाही. पण परवा बोट ड्रॉवरमध्ये चेमटलं तेव्हा 'अवं माय वं' निघालं, ते तू ऐकलंस.

शेजारचे आजोबा कुंपणावरून तुला इथल्या स्कॉटिश बोलीत "फिट लाइक, क्वाइन?" (कशी आहेस, पोरी?) विचारतात आणि तू त्यांच्यासारखंच उत्तर देतेस. 'व्हॉट'चं 'फिट', 'व्हेअर'चं 'फार', जसा आजीच्या ळ चा य. शाळेतल्या बाईंशी मात्र तू तसं बोलत नाहीस, आणि हे तुला कुणी शिकवलेलं नाही. तुझा खरा कोणता, असं मी विचारलं नाही. (हा टोमणा नाही. थोडा आहे.)

रविवारी दोनला वाटलं तर शेजारी येऊन बस. बोलायला हवं असं नाही. पोहायला जायचं असेल तर जा, मी मनाला लावून घेणार नाही, घेतलं तरी दाखवणार नाही.

एक मात्र तुला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात तू आजीला फोनवर "आजी, तुम्ही कशा आहात?" विचारलंस आणि मला केवढं कौतुक वाटलं. नंतर फोन माझ्याकडे आल्यावर ती म्हणाली, "पोट्टी लय चांगलं बोलते वं, बातम्या सांगणाऱ्या बाईवानी. मीच मंग जपून बोलते तिच्यासंग."

तुझी,
आई