बुस्बेकला सुलेमानाच्या दरबारी एवढा वेळ मिळाला कसा?

सोळाव्या शतकातला एलची (राजदूत) दरबारी मेजवान्या सांभाळून हस्तलिखितं आणि वनस्पती कधी गोळा करायचा, असा प्रश्न आहे. ओजिए गिस्लँ द बुस्बेकपुरतं (१५२२–१५९२) सांगायचं तर मेजवान्या फारशा नव्हत्याच. हा फ्लेमिश विद्वान हॅब्सबर्ग राजा फर्डिनांडचा एलची म्हणून ऑटोमन सुलतान सुलेमानाच्या दरबारी, इस्तंबूलला होता, आणि त्यातली बरीच वर्षं नजरकैदेत गेली.

सुलेमानाचाही दावा असलेला ट्रान्सिल्व्हेनिया फर्डिनांडने १५५१ साली बळकावला, तेव्हा आधीचा एलची माल्वेत्सी याला सुलेमानाने तुरुंगात टाकलं होतं. एलची म्हणजे धन्याच्या शब्दासाठी ठेवलेला ओलीस, असाच तिथला हिशेब. बुस्बेकने निघण्यापूर्वी सुटून आलेल्या त्याच माल्वेत्सीला गाठून दरबारची माहिती घेतली.

जानेवारी १५५५ मध्ये तो इस्तंबूलला पोचला तर सुलतान इराणच्या मोहिमेमुळे अमास्याला. मग अनातोलिया ओलांडून ७ एप्रिलला तिथे. वाटेत अंकाराला सम्राट ऑगस्टसचा शिलालेख त्याने माणसांकडून जेवढा वाचता आला तेवढा उतरवून घेतला. अमास्याच्या भेटीत दोन अधिकाऱ्यांनी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते (मुराद पहिल्याच्या खुनानंतरचा रिवाज), आणि परतताना सुलतानाकडे पाठ करायची नाही. पण खरी पंचाईत निराळी होती. त्याच सुमारास इराणचा वकील भरघोस नजराणे घेऊन आला आणि तह झाला. पूर्वेची आघाडी शांत झाल्यावर फर्डिनांडला सवलत कोण देणार? बुस्बेकच्या पदरात पडली ती सहा महिन्यांची युद्धबंदी.

१५५६ पासूनचा दुसरा मुक्काम लांबला. सहकारी व्रांचिच आणि झाय १५५७ मध्ये परतले, हा एकटा उरला. राहायला एलची खान, म्हणजे एलचींसाठीची सराई: मधे चौक, खाली तबेले, वर घुमटी खोल्या, खिडक्यांना गज, दारावर चाऊश (सुलतानाचा पहारेकरी). बोलणी अडली की वजीर रुस्तम पाशा पहारा आवळायचा. निरोप आत यायचे तेही युक्तीने. पिशवीत डुकराचं पिल्लू आहे म्हटलं की चाऊश हात लावत नसे, आणि पिलाबरोबर चिठ्ठी आत जाई!

अशा माणसाने सगळं स्वतः हिंडून जमवलं असेल, हे शक्य नाही. वनस्पतींचं बरंचसं श्रेय त्याच्या वैद्याला, विलेम क्वाकेलबेनला द्यायला हवं. तो इटालियन वनस्पतितज्ज्ञ मात्तिओलीशी पत्रव्यवहार ठेवून होता, पुढे तिथेच प्लेगने गेला. ग्रीक हस्तलिखितं सुमारे २४०, समुद्रमार्गे व्हेनिसला आणि तिथून व्हिएन्नाला जायची. प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिसच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाची सचित्र प्रत मात्र हातून निसटली. सुलेमानाच्या हामोन नावाच्या यहुदी वैद्याच्या मुलाने किंमत सांगितली १०० डुकाट (सोन्याची नाणी). ती बुस्बेकच्या ऐपतीबाहेर होती, म्हणून त्याने सम्राटाला गळ घातली आणि १५६९ साली ती व्हिएन्नाला आली.

१५६१ मध्ये रुस्तम वारला, सेमिझ अली पाशा आला आणि गाठ सुटली. १५६२ चा तह आठ वर्षांचा, दरसाल ३०,००० डुकाटच्या खंडणीवर. म्हणजे बुस्बेकने विजय मिळवला म्हणणं जरा जास्तच. त्याने वेळ काढला, आणि तेच त्याचं काम होतं.

त्याची चार लॅटिन पत्रं वाचताना मात्र सावध राहा. ती रोजनिशी नव्हे. मित्र मिशोला लिहिल्याच्या थाटात मागाहून घडवलेली आहेत. पहिलं १५८१ मध्ये, चारही १५८९ मध्ये छापली गेली. पहिल्या प्रवासात एदिर्नेहून इस्तंबूलला जाताना ट्यूलिप दिसल्याचं त्यात आहे, पण तो प्रवास ऐन जानेवारीतला. ट्यूलिप वसंतात फुलतो, तेव्हा हे दृश्य दुसऱ्या एखाद्या फेरीतलं असावं. शिवाय ऑग्सबुर्गला फुललेल्या ट्यूलिपचं वर्णन स्विस निसर्गतज्ज्ञ गेसनरने १५५९ सालचं दिलंय, बुस्बेक अजून एलची खानात असतानाचं. त्यामुळे युरोपात ट्यूलिप त्यानेच आणला, हे बेधडक लिहू नये. वाटाघाटींचा क्रम लावायचा असेल तर फर्डिनांडला पाठवलेले सरकारी अहवाल आधी, ही पत्रं नंतर.