डोक्याचा डे-एंड

मी समुपदेशक. मार्च-एप्रिलमध्ये समोरच्या खुर्चीतून एकच तक्रार सारखी ऐकू येते : "मॅडम, डोकं बंदच होत नाही." या बाई एका पतसंस्थेत लेखापाल. मुलीची दहावी, सासऱ्यांची शुगर, त्यात ताळेबंद. रात्री तीनला जाग, की पाचपर्यंत तळमळ.

"मग काय करता?"

"आता विचार करायचा नाही, असं बजावते स्वतःला."

"आणि?"

"जास्तच येतात."

येणारच. विचार गेला का, हे बघायचं तर पुन्हा त्याच्याकडेच बघावं लागतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगून हेच दाखवलं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने काम करते, त्यामुळे माझे कान कायम 'च'कडे. "झोप लागलीच पाहिजे" यातला 'च' माणसाला टक्क जागं ठेवतो. "लागली तर बरं, नाही लागली तर उद्याचा दिवस जड जाईल, पण जाईल" हे पटायला बाईंना तीन भेटी लागल्या. पटलं, पण डोक्यातच राहिलं.

चौथ्या भेटीत मी त्यांच्याच कामाकडे वळले. "संध्याकाळी रोकड जुळली नाही तर?"

"फरक सस्पेन्सला, म्हणजे तात्पुरत्या खात्यात टाकतो, डे-एंड करतो, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद. सकाळी शोधतो."

"फरक सापडेपर्यंत तिजोरी उघडी नाही ठेवत?"

त्या हसल्या. मग बराच वेळ गप्प. "घरी मी तिजोरी उघडी टाकूनच झोपते की हो."

एवढं नेमकं मलाही सुचलं नसतं. तिथून पुढचं काम सोपं झालं.

रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, ठरलेली खुर्ची, वही. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढची एकच कृती आणि तिची वेळ. हातात काहीच नसेल तर तिथे 'सस्पेन्स' लिहायचं. पहिल्या आठवड्यात हे फसलं, कारण वही रात्री अकराला अंथरुणात उघडली जात होती. झोपेच्या आधी किमान दोन तास वही मिटलेली हवी. दुसरी चूक, 'ताळेबंद' असा एकच शब्द. तो डोक्यात घोळतच राहतो. 'तीन नोंदी, शाखेला फोन, उद्या ११' असं लिहिलं की सुटतो.

रात्री विचार आलाच तर वाद घालायचा नाही. "उद्या साडेसहाला" म्हणायचं. वीसेक मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, ते हॉलमध्ये) की उठायचं, मंद दिव्यात भाजी निवडण्यासारखं कंटाळवाणं काहीतरी करायचं. मोबाइल नाही. चार आकडे श्वास आत, सहा बाहेर, पाच मिनिटं, पण "शांत झाले का?" अशी परीक्षा घेत नाही. चहा दुपारी दोननंतर बंद. कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास घेतं. बाईंनी सगळं ऐकलं, चहा सोडून. तो चार कपांवरून दोन कपांवर आला.

मात्र दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, उलट उत्साह आणि बोलणं सुसाट, असं असेल तर वही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही.

सातव्या भेटीत बाई जरा तक्रारीच्याच सुरात म्हणाल्या, "काल साडेसहाला बसले, पण लिहायला दोनच ओळी निघाल्या. उरलेल्या वेळात काय करायचं?"