वाचकांचे प्रश्न : पाइलला पीळ बसतो तेव्हा

प्रश्न : पणजी परिसरात खाडीकाठच्या मऊ जमिनीत एकाच खांबावर आडवा हात काढून मोठा दिशाफलक उभारायचा आहे. वाऱ्याने खांब पायासकट फिरेल, अशी मला शंका आहे. पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, खाली खडकाला टेकली की ही काळजी मिटते, असे ठेकेदार सांगतो. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, रायबंदर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, ठेकेदाराचे उत्तर अपुरे आहे. खडकाला टेकलेली पाइल खचत नाही हे खरे, पण पीळ ती प्रामुख्याने बुडाने नव्हे, तर अंगाने, म्हणजे भोवतालच्या मातीच्या पकडीने पेलते.

समजा, फलक ६ चौरस मीटरचा असून त्याचा मध्य खांबापासून ४ मीटरवर आहे. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरला, तर जोर ९ किलोन्यूटन आणि पीळ ३६ किलोन्यूटन-मीटर होतो. पाइल ८० सेंटिमीटर व्यासाची आणि मऊ चिकणमातीची पकड चौरस मीटरला १५ किलोन्यूटन असेल, तर पाइलची दर मीटर लांबी साधारण १५ किलोन्यूटन-मीटर पीळ अडवते. म्हणजे हिशेबाने अडीच मीटरही पुरेत. पण वरची मीटरभर माती भिजते, सुकते, उकरली जाते, म्हणून ती वगळावी आणि उरलेली लांबी सुरक्षेसाठी हिशेबाच्या दुप्पट धरावी. व्यास दुप्पट केला, तर पृष्ठभाग आणि तरफेची लांबी दोन्ही वाढून ही क्षमता चौपट होते.

लांब, सडपातळ पाइलमध्ये पीळ वर सर्वांत जास्त असतो आणि खाली जाता जाता माती तो शोषून घेते, त्यामुळे बुडाशी असलेल्या खडकाला पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय तोच वारा खांबाला आडवा ढकलून वाकवतो, त्यामुळे वरच्या मातीत पाइलच्या एका बाजूस फट पडून पकड कमी होते. म्हणून पीळ आणि आडवा भार वेगवेगळे तपासून समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. काँक्रीटवर पिळाच्या चिरा तिरप्या, सर्पिल पडतात. त्या उभ्या सळ्यांनी एकट्याने रोखल्या जात नाहीत, जवळजवळ बांधलेल्या बंद रिंगा लागतात, आणि नेमक्या त्याच कामावर विरळ बांधलेल्या दिसतात.

शक्य असेल तर एका पाइलऐवजी चार पाइल एकाच कॅपखाली, म्हणजे त्यांची डोकी जोडणाऱ्या काँक्रीटच्या जाड ठोकळ्याखाली, घ्याव्यात. तेव्हा प्रत्येक पाइल स्वतः पिळण्यापेक्षा कॅपच्या मध्यापासूनच्या अंतरावर आडवा प्रतिकार करून पीळ परतवते. वरच्याच उदाहरणात पाइल चौरसात २.४ मीटर अंतरावर ठेवल्या, तर पिळामुळे प्रत्येकीवर जेमतेम ५.३ किलोन्यूटन आडवा जोर येतो. त्यात वाऱ्याच्या थेट जोराचा वाटा, सुमारे २.२५ किलोन्यूटन, दिशा पाहून मिळवावा.