मुलीचं ऑफर लेटर आणि बाबांचा करार

प्रश्न: मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत २६ वर्षं पर्मनंट आहे. युनियन आहे, दर तीन वर्षांनी करार होतो. माझे वडील लालबागला गिरणीत साचे चालवायचे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून आयटी कंपनीची ऑफर आली आहे. वर्षाला ३ लाख ६० हजार, दोन वर्षांचा बाँड, मध्येच सोडलं तर १ लाख भरायचे, नोटीस पिरियड ९० दिवस. मी तिला सांगतो, एका जागी टिकून मन लावून काम कर, कंपनी आपल्याला सांभाळते. ती म्हणते, "बाबा, कंपनी कुणाचीच नसते. दीड वर्षात उडी मारणार." शेजारच्या मुलाकडून चौदा वर्षांच्या नोकरीनंतर एका मीटिंगमध्ये राजीनामा लिहून घेतला, तेव्हापासून मीही धास्तावलो आहे. ती जॉइन झाली की रावेतला तिच्या नावावर फ्लॅट बुक करायचा विचार आहे. तिला काय सांगू? – एक पालक, भोसरी

उत्तर:

नमस्कार,

तुमचा अनुभव खरा आहे. कंपनीने तुम्हाला सांभाळलं. पण का सांभाळलं, याचं जे उत्तर तुम्ही मुलीला देताय, त्याची मला काळजी वाटते. शेवटचा करार घरात असेल तर काढून बघा. पगारवाढ, कँटीन, बस, मेडिक्लेम, सगळं कलमवार लिहिलेलं असेल आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या असतील. आता तुमच्याच लाइनवर तुमच्या शेजारी उभी राहून तेच काम करणारी कंत्राटी मुलं आठवा, 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेतली ट्रेनी पोरं आठवा. कंपनी तीच, मशिन तेच, साहेबही तेच. त्यातली किती टिकली? त्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. त्यांच्यामागे तो करार नव्हता.

भांडवलशाहीने कामगाराला जे वचन दिलं, ते मी मुलांना साध्या शब्दांत सांगतो. कुणी कुणाचा बांधलेला नाही. पटलं नाही तर तू दुसरीकडे जा, मालकाला माणूस टिकवायचा असेल तर त्याने जास्त मोजावं. हे वचन पाळलं गेल्याची उदाहरणं आहेत. १९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाचा पगार ५ डॉलर केला, जवळजवळ दुप्पट, आणि कामाचे तास आठवर आणले. कारण उघड होतं. आदल्या वर्षी साधारण १४ हजारांची फौज भरलेली ठेवायला त्याला ५० हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली होती. कंटाळवाण्या लाइनवर माणसं टिकतच नव्हती. ती सोडून जाऊ शकत होती, म्हणून पगार वाढला.

आपल्या आयटीतही हेच घडताना मी जवळून पाहिलं. २०२१-२२ मध्ये कामं भरपूर होती आणि माणसं पळत होती. इन्फोसिससारख्या कंपनीतून वर्षाला चारातला एकाहून अधिक जण बाहेर पडत होता. त्या काळात फ्रेशरलाही दोन-तीन ऑफर असायच्या. मग मागणी घटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने, साडेसहा लाखांची ऑफर हातात घेऊन महिनोन्‌महिने जॉइनिंगची वाट बघणाऱ्या मुलांना विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? मुलं तीच, त्यांचे मार्क तेच. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या आई-वडिलांचे चेहरे मी विसरलेलो नाही. ऑफर आली म्हणून नातेवाइकांना पेढे वाटून झाले होते.

तुमच्या पिढीला टाटांचं नाव म्हणजे आयुष्यभराची शाश्वती वाटायची आणि त्याला आधार होता. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस आला, कायद्याने सक्ती करण्याच्या कितीतरी आधी. त्याच समूहातल्या टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे जवळपास १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. पंधरा-वीस वर्षं टिकलेल्या माणसाचा पगार वाढलेला असतो, म्हणून कपातीच्या यादीत तोच आधी दिसतो. "टिकून राहा, कंपनी बघेल" हा सल्ला आज तिला याच यादीकडे नेऊ शकतो.

म्हणून तिचं म्हणणं मला बऱ्याच अंशी पटतं. पण "दीड वर्षात उडी" ही योजना झाली नाही. उडी मारायची कुठे, कशाच्या जोरावर? इथे तुमच्या वडिलांचं आठवावं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या हजारोंना परत जायला गिरणीच उरली नाही. साच्यावरचा हात तयार होता, पण तो हात ओळखणारं दुसरं गेट मुंबईत नव्हतं. तुमच्या मुलीला कंपनीने एखाद्या परदेशी बँकेच्या जुन्या, फक्त त्याच बँकेत चालणाऱ्या सिस्टिमवर टाकलं आणि ती तिथे सात-आठ वर्षं निमूट राहिली, तर पगार वेळेवर येईल, पण बाहेर तिचं काम कुणाला कळणार नाही. दर सहा महिन्यांनी तिने स्वतःचा बायोडेटा नव्याने लिहावा. लिहायला नवीन काही नसेल तर मॅनेजरकडे प्रोजेक्ट बदलून मागायची वेळ झाली. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना नुसतं बसावं लागलं तर तो काळ शिकण्यात घालवावा.

आता ऑफर लेटर. कॉलेजात मुलं एकमेकांना सांगतात, बाँड बेकायदा असतो, कर सही. तसं धरून चालू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध ठरवला. त्यात सरकारी भरतीची लांबलचक प्रक्रिया आणि तिचा खर्च याचा विचार झाला होता, हेही खरं. खासगी कंपनीच्या बाबतीत करार कायद्याचं ७४ वं कलम लक्षात ठेवा. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मागता येते. तेव्हा तिने ईमेलवर एचआरला विचारावं, ट्रेनिंग किती आठवड्यांचं, आणि कंपनीनेच काढलं तर हे १ लाख लागू होतात का? उत्तर लेखी हवं. मूळ मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नये. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद दाखवून परत आणावा.

नोटीस पिरियडचं कलम नीट वाचा. तिने सोडलं तर ९० दिवस आणि कंपनीने काढलं तर ३० असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. कुणी कुणाचा बांधलेला नाही हे वचन इथे एकाच बाजूने पाळलं जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. नवी कंपनी तीन महिने थांबत नाही, म्हणून चांगली संधी हातची जाते. पैसे भरून नोटीस कमी करता येते का, हे त्याच ईमेलमध्ये विचारावं.

शेजारच्या मुलाबद्दल. "राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो" हे वाक्य ऐकून माणूस घाबरतो आणि सही करतो. सही केली की कागदोपत्री तो स्वखुशीने गेला. कपात धरली असती, आणि तो कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसत असता, तर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई लागली असती. चौदा वर्षांचे २१० दिवस, म्हणजे सात महिन्यांचा पगार. व्याख्येत बसतो की नाही हे हुद्द्यावर ठरत नाही, प्रत्यक्षात काय काम करतो त्यावर ठरतं. 'लीड' नावाची माणसंसुद्धा दिवसभर कोडच लिहीत असतात. त्याला सांगा, कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेट. ग्रॅच्युइटी तर त्याच्या हक्काची आहेच, राजीनामा दिला तरी. पुण्यात आयटीवाल्यांसाठी काम करणारी नाइट्स ही संघटना आहे, तिथेही जाता येईल. तुमच्या मुलीला आतापासून एवढंच पाठ असू द्या की त्या खोलीत त्या दिवशी सही करायची नाही, "वाचून उद्या सांगते" म्हणायचं.

याच धाग्यात तुमच्यासाठीही एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामगार कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट आधी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेवर गेली. तुमच्या कारखान्यात किती माणसं आहेत, हे युनियनच्या पुढच्या सभेत जरूर विचारा.

फ्लॅटचं मात्र ऐका, आत्ता नको. ३ लाख ६० हजार हे सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. त्यातला काही भाग व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा असेल, काही पीएफमध्ये जाईल. हातात महिन्याला पंचवीसेक हजार पडतील असं धरा. त्यावर वीस वर्षांचा हप्ता बसला की १ लाखाचा बाँड संपेल आणि बँकेचा सुरू होईल. रात्री अकराला मॅनेजरचा फोन आला तरी ती "नाही" म्हणू शकणार नाही. पहिली तीन वर्षं तिने घरीच राहावं, निदान सहा महिन्यांचा खर्च तिच्या स्वतःच्या खात्यात साठू द्या, आणि त्या पैशाला घरातल्या कुणीही हात लावू नये. लग्नासाठीही नाही.

ऑफर घ्यावी का? दुसरी हातात नसेल तर घ्यावी, वरच्या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाल्यावर. या रविवारी तुमचा करार आणि तिचं ऑफर लेटर शेजारीशेजारी ठेवून दोघं मिळून वाचा. तुमच्या करारातलं कोणतं कलम तिच्या कागदात नाही, त्याची यादी तिलाच करू द्या, आणि ती यादी घेऊन दोघं माझ्याकडे या.