फरशीवरचं नाव आणि पासबुकातले ४३६ रुपये

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांचा, कोषागारात पेन्शनच्या टेबलावर नोकरी केली, रिटायर होऊन ९ वर्षं झाली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्यात असतो. गावात देवळाच्या सभामंडपाचं काम निघालंय, ५१ हजार दिले की फरशीवर नाव कोरतात, माझा मित्र देतोय. मरावे परी कीर्तीरूपे उरावे म्हणतात ना, मलाही हल्ली वाटतं आपल्यामागं काहीतरी राहावं. देहदानाचा फॉर्मपण आणलाय पण मुलगा विषयच काढू देत नाही. बाकी दिवसभर गल्लीतली लोकं कागद घेऊन येतात, कुणाची फॅमिली पेन्शन अडकलेली, कुणाचा हयातीचा दाखला, त्यातच दिवस जातो, पण ते काय काम नाही. काय करू?

उत्तर : काका, "ते काय काम नाही" हे तुम्ही लिहिलंत आणि मला रागच आला, खरं सांगते.

माझे वडील गेले तेव्हा घरात पाहुणे भरपूर पण कागदातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या गल्लीत एक पोस्टातून रिटायर झालेले काका होते, ते तेराव्यानंतर आपणहून आले, सगळी पासबुकं मागितली आणि ओटीवर बसून एकेक एंट्री बघत बसले, चहासुद्धा गार झाला. आईची पेन्शन सुरू झाली ती त्यांच्यामुळं. त्यांचं आडनाव मला आज विचाराल तर सांगता येणार नाही, आम्ही पोस्टातले काकाच म्हणायचो, पण आईच्या फाइलवर त्यांनी लाल पेनानं लिहिलेली कागदांची यादी अजून आहे.

तुम्हाला माहीतच असेल, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. घरातलं माणूस गेलं की त्याच्या पासबुकात ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात का बघायचं, बहुतेक मे महिन्याच्या शेवटी कापतात. ४३६ म्हणजे सरकारच्या जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, २० म्हणजे सुरक्षा विम्याचा, तो अपघाताचा. दोन्हीत मृत्यूनंतर २ लाख मिळतात, दुसऱ्यात मृत्यू अपघाती असला तरच. घरच्यांना पत्ताच नसतो, फॉर्मवर सही केलेला माणूसच गेलेला असतो! आणि क्लेम लवकर करायचा असतो, वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं नाही. हे बघायला तुमच्यासारखा नजर बसलेला माणूस लागतो.

एक करा मात्र, एकटे बसू नका. गल्लीतली बारावी-बीकॉमची एखादी पोरगी शेजारी बसवा. हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन निघतो, बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहरा स्कॅन करूनही होतो, ते ती करेल, नियम तुम्ही सांगा. दाखल्यांचे असे दोन नोव्हेंबर तुमच्याबरोबर काढले की तिसऱ्या नोव्हेंबरला ती तुमच्या चुका काढेल, तेव्हा चिडू नका.

देहदानाचं म्हणाल तर फॉर्म भरून काम होत नाही, शेवटी मेडिकल कॉलेजला फोन मुलालाच करायचाय, त्यामुळं त्याला डावलून काही करू नका. शिवाय पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्गाचे आजार असले तर देह घेत नाहीत. नेत्रदानापासून सुरुवात करा, ते मुलांना पचायला सोपं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा, शुगर, काही आड येत नाही. सहा तासांच्या आत कळवायचं, पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. टीम घरी येते, अर्ध्या तासाच्या आत होतं. एवढंच एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि दिवाळीला तो आला की त्याला वाचू दे, लेक्चर देऊ नका. पुढं देहदानाला तो हो म्हणाला तर नेत्रदान केलेला देहही घेतात.

राहिले ५१ हजार. ऐपत असेल तर द्या, मी कशाला नको म्हणू, मंडपात म्हातारी माणसं सावलीला बसतातच. पण एवढ्या मोठ्या पत्रात काकूंविषयी तुम्ही चारच शब्द लिहिलेत, तेही गेल्या म्हणून. नाव कोरायचंच असेल तर त्यांचं कोरा की.